ज्यू धर्म शिकायचाय, पण वर्ग कुठे आहे?

पत्र

ताई, मी २७ वर्षांची आहे. कळव्याला आईबाबांबरोबर राहते, नौपाड्यात एका सीएच्या ऑफिसात काम करते. सातवीपर्यंत आम्ही उथळसरला राहायचो. शेजारी एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, आजी होत्या. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे तेलाचा दिवा लागायचा आणि मलिदा केला की एक ताटली आमच्याकडे यायची. पुढे आजी लेकाकडे इस्रायलला गेल्या. दोन वर्षांपूर्वी मी सहज त्यांच्या धर्माबद्दल वाचायला घेतलं, ते आता सुटत नाही. पुढेमागे हा धर्म स्वीकारावा असंही मनात येतं, पण नक्की नाही. आधी नीट शिकायचं आहे.

नवशिक्यांसाठी वर्ग शोधला, ठाण्यात मिळाला नाही. एका सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या) फाटकावर विचारलं, तर तिथले काका अगदी गोड बोलून म्हणाले, 'आमच्यात असं कुणाला घेत नाहीत, बाळा. तुझा धर्म चांगलाच आहे की.' मला रडूच आलं. इन्स्टाग्रामवर एक जण तीन महिन्यांत ऑनलाइन धर्मांतर आणि सर्टिफिकेट देतो म्हणतो, चाळीस हजार रुपये. अमेरिकेतले वर्ग पाहिले तर ते आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला. घरी आई रोज एकच विचारते, 'कोण आहे तो?' कुणीच नाही हो ताई. मी काय करू?

— एक वाचक, कळवा

उत्तर

प्रिय कळवेकर,

'पण नक्की नाही' हे तू आपणहून लिहिलंस, ते बरं केलंस. ज्यू धर्म शिकणं हे एक काम आणि ज्यू होणं हे दुसरं. शिकायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्यू व्हायला मात्र तुला ओळखणारा आणि आपल्यात घ्यायला तयार असलेला समाज लागतो. तुझा सगळा गोंधळ या दोन गोष्टी एकाच फाटकावर मागितल्यामुळे झाला आहे.

आधी त्या काकांबद्दल, कारण रडू तिथे आलं. ज्यू धर्म प्रचार करत नाही. येणाऱ्याला आधी परत पाठवायचं, ही त्यांच्याकडची जुनी रीत आहे. बायबलमधल्या रूथची गोष्ट तू वाचली असशील. तिची ज्यू सासू नामी तिला पुन्हा पुन्हा 'माघारी जा' म्हणते, तरी ती जात नाही; त्यावरून रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, हा पायंडा काढला. तालमूद या रब्बींच्या जुन्या चर्चाग्रंथात तर इच्छुकाला काय विचारायचं तेही लिहून ठेवलंय: या लोकांचे हाल होतात, त्यांना छळलं जातं, हे ठाऊक असून तू का येतोस? 'ठाऊक आहे, आणि माझी तेवढी लायकीही नाही' असं जो म्हणेल त्याला लगेच आत घ्यावं आणि काही सोपे, काही कठीण नियम सांगावेत, असं पुढे म्हटलंय. म्हणजे तुला मिळालेला नकार हा अपमान नव्हता. काकांनी तो गोड बोलून दिला, हा तर आपल्या कोकणातल्या माणसांचा गुण.

पण इथल्या बेने इस्रायलींच्या सावधपणाला आणखीही कारणं आहेत आणि ती तुला माहीत हवीत. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची उत्पत्तिकथा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव ते 'शनवार तेली' झाले. इतकी शतकं शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) सांभाळूनही हे लोक इस्रायलला गेले, तेव्हा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या रब्बींनी लग्नाच्या वेळी त्यांच्याकडे वंशाचे पुरावे मागायला सुरुवात केली. निदर्शनं झाली, उपोषणं झाली, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला हस्तक्षेप करावा लागला. ज्यांच्या स्वतःच्याच ज्यूपणावर असा संशय घेतला गेला, ते 'या, तुम्हालाही करून घेतो' असं सहजी कसं म्हणतील? त्यात २००८ च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये जे घडलं, त्यानंतर प्रत्येक सिनेगॉगच्या दारात अनोळखी माणसाकडे दोनदा पाहिलं जातं. तुझा चेहरा कितीही निरागस असला तरी.

आणि काकांच्या मनात असतं तरी त्यांना तुला 'घेता' आलं नसतं. बेने इस्रायलींकडे परंपरेने रब्बी नाहीत. प्रार्थना हजान चालवतो, कारभार मुकादम आणि विश्वस्त बघतात. धर्मांतराला तीन जणांचं धर्मन्यायमंडळ, म्हणजे बेथ दिन लागतं. ते तुझी परीक्षा घेणार, मग मिक्वेत डुबकी आणि त्यानंतर नवं हिब्रू नाव. (मिक्वे म्हणजे विधीचं पाणी. समुद्रही चालतो, कोकणकिनाऱ्याला ती अडचण नाही.) पुरुषांना याखेरीज सुंता असते. असं कायमचं न्यायमंडळ भारतात नाही. २००५ मध्ये इस्रायलहून आलेल्या रब्बींनी मिझोराममध्ये बेने मेनाशे लोकांचं (हे स्वतःला प्राचीन इस्रायलच्या हरवलेल्या वंशातले मानतात) धर्मांतर करायला घेतलं, तर भारत सरकारने हरकत घेतली आणि ते थांबवावं लागलं. त्यामुळे ठाण्यातला कुणी विश्वस्त असल्या भानगडीत पडत नसेल तर मी त्याला दोष देणार नाही.

आता वर्गाचं. पाटी लावून, बाहेरच्यांना बोलावून चालणारा वर्ग तू ठाण्यात किंवा नवी मुंबईत शोधत बसू नकोस. मुंबईत समाजाची केंद्रं आहेत, एव्हलिन पीटर्स ज्यू कम्युनिटी सेंटर आहे, पण तिथले कार्यक्रम समाजाच्या मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी असतात. देशभरात मिळून पाचेक हजार माणसं उरलेला समाज आधी आपल्या नातवंडांना हिब्रू शिकवणार. कुलाब्याचे छबाडवाले, म्हणजे नरिमन हाउस चालवणारी ज्यू धार्मिक संघटना, मुळात ज्यू कुटुंबांसाठी आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रवाशांसाठी आहेत. धर्मांतर हे त्यांचंही काम नाही.

तेव्हा वर्ग ऑनलाइनच. मात्र पैसे भरण्याआधी एक गोष्ट समजून घे, कारण इथेच बहुतेक नवशिके फसतात. ज्यू धर्मात ऑर्थोडॉक्स (जुने नियम काटेकोर पाळणारे), कॉन्झर्व्हेटिव्ह (मधल्या वाटेचे) आणि रिफॉर्म किंवा प्रोग्रेसिव्ह (उदारमतवादी) असे प्रवाह आहेत, आणि एकाने केलेलं धर्मांतर दुसरा मानेलच असं नाही. रिफॉर्म रब्बींनी तुला ज्यू करून घेतलं तर ऑर्थोडॉक्स सिनेगॉग तुला ज्यू धरणार नाही. इस्रायलमध्ये तर ज्यूंची लग्नं ऑर्थोडॉक्स मुख्य रब्बींच्या अखत्यारीत आहेत. टेंभी नाक्याजवळचं शआर हाशामाइम सिनेगॉग १८७९ चं, पनवेलचं बेथ एल १८४९ चं, दोन्हीकडे जुन्या वळणाची उपासना. मुंबईत भायखळ्याला रोदेफ शालोम ही प्रोग्रेसिव्ह मंडळी आहेत. १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांनी लंडनच्या उदारमतवादी ज्यूंपासून प्रेरणा घेऊन ती चळवळ इथे उभी केली. डॉ. झिराड म्हणजे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख असलेल्या, पुढे पद्मश्री मिळालेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ. बाईंचं चरित्र मिळालं तर वाच, धर्म बाजूला ठेवूनही. माझं मत विचारशील तर, तुझ्यासारख्या एकट्या, चौकस मुलीने पहिली चिठ्ठी रोदेफ शालोमला पाठवावी. स्त्रीपुरुष एकत्र बसणारी आणि प्रश्नांना न बिचकणारी ती परंपरा आहे.

शिकण्यापुरतं बोलायचं तर प्रवाह लगेच ठरवायची घाई नाही. अमेरिकेत दोन पायाभूत अभ्यासक्रम नावाजलेले आहेत: युनियन फॉर रिफॉर्म ज्युडाइझमचा, आणि लॉस एंजेलिसच्या अमेरिकन ज्यूइश युनिव्हर्सिटीचा, जो मिलर प्रोग्रॅम म्हणून ओळखला जातो आणि कॉन्झर्व्हेटिव्ह वळणाचा आहे. दोन्ही काही महिने चालतात, ज्यू नसलेल्यांना खुले आहेत, आणि सण, शब्बाथ, खाण्याचे नियम, प्रार्थना, इतिहास असा सगळा पाया घालून देतात. नाव घालताना त्यांना विचारायचे प्रश्न असे: शिकवणारे रब्बी कोण आणि कुठल्या प्रवाहाचे? भारतातून कुणी आधी केलाय का? फीमध्ये सवलत मिळते का? (विचारायला लाजू नकोस, डॉलरमधली फी तिथल्या पगारांच्या हिशेबाने ठेवलेली असते.) अभ्यासक्रम संपला म्हणजे धर्मांतर झालं असं नाही, हे तेच तुला सांगतील. सांगितलं नाही तर समज की काहीतरी चुकतंय.

यावरून तुझा तो इन्स्टाग्रामवाला. तीन महिने, सर्टिफिकेट, चाळीस हजार. सोडून दे. वर्षभराचं चक्र एकदा तरी जगल्याशिवाय कुठलेही जबाबदार रब्बी पुढचं बोलत नाहीत, आणि झूमवर मिक्वेत डुबकी मारता येत नाही. त्या कागदावर ना इथला हजान तुला मिन्यानच्या (सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांच्या) आसपास फिरकू देईल, ना इस्रायलचा दूतावास तो मानेल. आणखी एक सापळा सांगते, त्यात पैसे जात नाहीत पण वर्ष जातं. 'हिब्रू मुळं', 'मसीही ज्यू' अशा नावांनी काही गट मोफत वर्ग घेतात. मेणबत्त्या, हिब्रू गाणी, शोफार (फुंकायचं शिंग), सगळं असतं, आणि चौथ्या आठवड्याला येशू येतो. त्यांची श्रद्धा त्यांना लखलाभ, पण ज्यूंचे तिन्ही प्रवाह त्याला ज्यू धर्म मानत नाहीत. पहिल्याच दिवशी सरळ विचार, 'येशूला मसीहा मानता का?'

वर्ग सुरू होईपर्यंत हात रिकामे नाहीत. सेफारिया नावाचं संकेतस्थळ मोफत आहे. तोरा (बायबलची पहिली पाच पुस्तकं), मिश्ना (तोंडी कायद्याचा जुना संग्रह), तालमूद, सगळं हिब्रू आणि इंग्रजीत शेजारी शेजारी. तोरा वर्षभरात वाचून होईल असे तिचे ५४ भाग पाडलेले असतात आणि जगभरची सिनेगॉगं साधारण तोच भाग त्या आठवड्यात वाचतात. तूही तोच वाच. ठाण्यातल्या शनिवारशी तुझी घरबसल्या गाठ पडेल. मराठीत वाचायचं तर 'जुना करार' मिळतो, पण ती ख्रिस्ती आवृत्ती. मजकूर बराचसा तोच असला तरी पुस्तकांचा क्रम वेगळा आणि टिपांचा रोख वेगळा. पहिली पाच पुस्तकं तिच्यातून वाचायला हरकत नाही. हिब्रूची अक्षरं बावीस. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय व्हायला वेळ लागतो, अक्षरांना नाही. रोज पंधरा मिनिटं बसलीस तर दोनेक महिन्यांत अडखळत का होईना प्रार्थना वाचशील.

आणि मराठीला या सगळ्यात परकी समजू नकोस. पेसाहच्या, म्हणजे मिसरमधल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायची पोथी हग्गादा १८४६ मध्येच मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली होती. एकोणिसाव्या शतकात बेने इस्रायली लोक बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं करायचे, अगदी साकी-दिंडीसकट. सणांची त्यांची जुनी घरगुती नावं ऐक: रोश हशाना (नववर्ष) म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) म्हणजे दारफाळणीचा सण, पुरीमला होळीचा सण, आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनाला बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी बिरडं खायचं. अमेरिकेतल्या वर्गात तुला यातलं काहीही शिकवणार नाहीत. तिथे मट्झो बॉल सूप शिकवतील. दोन्ही शीक, पण मलिद्याची ताटली कुठल्या घरातून आली होती ते विसरू नकोस.

म्हणूनच इथल्या सिनेगॉगचा नाद मी तुला सोडायला सांगत नाही, फक्त मागणी बदल. फाटकावर उभं राहून नको. विश्वस्तांना साधं पत्र लिही, मराठीत. नाव, पत्ता, नोकरी, ओळखपत्राची प्रत. उथळसरच्या त्या आजींचं नाव आवर्जून लिही. ठाण्याच्या समाजात कुणी ना कुणी त्यांना ओळखत असेल, आणि एका ओळखीने जे होतं ते दहा ईमेलांनी होत नाही. धर्मांतराचा शब्दही काढू नकोस. 'एखाद्या शनिवारच्या प्रार्थनेला मागे बसून ऐकू का?' एवढंच विचार. परवानगी मिळाली तर अंग झाकणारे साधे कपडे घाल. बायकांची बसायची जागा वेगळी असते, तिथे कुणी सांगेल तशी बस. मोबाइल बंद करून पिशवीत. शब्बाथला फोटो नाही, वहीत टिपणं नाहीत, पेटीत पैसे नाहीत. टिपणं घरी येऊन रात्री काढ. नाही म्हणाले तर सहा महिन्यांनी पुन्हा लिही. रूथ आठवते ना?

वाचण्यासोबत थोडं जगूनही बघ, कारण पुस्तकातला ज्यू धर्म आणि कळव्यातल्या वन बीएचकेतला ज्यू धर्म यांत बरंच अंतर आहे. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो. डिसेंबरात तो सहाच्या सुमारास, म्हणजे तू ऑफिसातच. सीएकडे शनिवारी काम असतं. मार्चमध्ये तर रविवारीही. ऑर्थोडॉक्स मार्गाने गेलीस तर शब्बाथला वाहन नाही, म्हणजे कळव्याहून खाडीपूल ओलांडून टेंभी नाक्यापर्यंत चालत, पावसातसुद्धा. आधी दर शुक्रवारी रात्री दोन तास फोन बंद ठेवून बघ. पूर्ण शब्बाथ मात्र आत्ता पाळू नकोस. ज्यू नसलेल्याने तो पुरेपूर पाळू नये असा परंपरेचाच दंडक आहे, म्हणून धर्मांतराच्या वाटेवरचे लोक मुद्दाम एखादा दिवा लावतात, एखादी ओळ लिहितात.

खाण्याचं तुला सोपं आणि अवघड दोन्ही जाईल. मांस आणि दूध एकत्र नाही, पण बेने इस्रायलींच्या मटणात नारळाचं दूध पडतं, तेव्हा आईचा कोकणी हात कामी येईल. मटणाला दही लावणं बंद. पापलेट, सुरमई, रावस चालतात, कारण त्यांना पर आणि खवले आहेत. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या गेल्या. हे आईला सांगायची वेळ येईल तेव्हा धर्मांतरापेक्षा कोळंबीवरून जास्त वाद होईल, असा माझा अंदाज आहे.

आईला 'कुणी नाही' असं सांगून भागणार नाही, कारण तिच्या डोळ्यांसमोर मुलगी घर सोडून जाते आहे हेच चित्र आहे. तिला आजींची आठवण करून दे. त्यांच्या घरची ताटली तिनेच विसळून परत केली असेल. काय वाचतेस ते जेवताना सांग. आणि गणपतीत नेहमीसारखी कामाला लाग. मूर्तिपूजेचा प्रश्न तुझ्यासमोर कधीतरी खरोखर उभा राहील, ज्यू धर्मात तो फार कडक आहे आणि मी तो गोड करून सांगणार नाही, पण अजून तू शिकते आहेस, आणि शिकणाऱ्या मुलीने मोदक वळले म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

कायद्याचं थोडक्यात. वर्ग करणं म्हणजे धर्मांतर नव्हे, त्याला कुठलाही फॉर्म लागत नाही. प्रत्यक्ष धर्म बदलायची वेळ आली तर मात्र आधी वकील गाठ, कारण धर्मांतराचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि बदलतही असतात. दोन गोष्टी आत्ताच लक्षात ठेव. घरचा दाखला अनुसूचित जातीचा असेल तर तो दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, ज्यू झाल्यावर तो जातो. आणि हिंदू वारसा कायद्यात धर्म बदललेल्या मुलीचा स्वतःचा हिस्सा जात नाही, पण धर्मांतरानंतर जन्मलेल्या तिच्या मुलांना हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिलाय, पण त्याच्या मोहाने कुणी ज्यू झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

राहिली पहाटेची अडचण. तू पाहिलेले वर्ग न्यूयॉर्कच्या वेळेचे असणार. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात आपले पहाटेचे साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. त्याऐवजी लॉस एंजेलिसच्या वेळेची तुकडी माग. तिथले सात म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसात. तिथला मंगळवारचा वर्ग तुझ्या बुधवारी सकाळी होईल, दोन तास चालला तरी दहाला नौपाड्यात पोचशील. हिवाळ्यात तोच वर्ग साडेआठला येतो, मग ऑफिस बुडेल. तेव्हा एप्रिलनंतर सुरू होणाऱ्या तुकडीत नाव घाल, मार्च एंडिंगही तोवर उरकलेलं असेल.

— तुझी ताई